आशाताईंच्या दोन प्रश्नांवरून सोलापुरातलं डिप्रेशन मोजता येतं का?

आशाताई घरी आल्या, मनाबद्दल दोनच प्रश्न विचारून गेल्या, यावरून शहरात किती जणांना डिप्रेशन आहे हे कसं कळणार, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार, आणि ते प्रश्न त्यासाठी नाहीतही. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती दिवस झालं आणि उदास किती दिवस वाटलं, एवढंच त्यात असतं. ती चाळणी आहे. त्यात अडकेल त्याला डॉक्टरांनी नीट तपासायचं.

मोठी प्रश्नावली पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, १० किंवा जास्त आले की पुढे तपासणी. २००१च्या मूळ अभ्यासात तिने आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के ओळखले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले. आता हिशेब करून बघा. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २.७ टक्के प्रौढांना त्या वेळी नैराश्य होतं, म्हणजे हजारात २७. त्यातले २४ सापडतील, पण उरलेल्या ९७३मधले सुमारे ११७ जण आजार नसताना अडकतील. एकूण १४१. कुणी ‘१४ टक्के लोक नैराश्यग्रस्त’ असं छापलं तर आकडा पाचपट फुगलेला! म्हणूनच निम्हान्सने निदानाच्या निकषांवर मुलाखती घेतल्या. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा २.७ हा आकडाही सोलापूरला जसाच्या तसा चिकटवू नका.

आकडा कमीही येतो. मी पूर्व भागात सर्वेक्षणाला फिरते. विड्या वळत बसलेल्या बाईला सासूसमोर विचारलं तर ‘बरंय की’ एवढंच उत्तर मिळतं. यंत्रमागावरचा माणूस दिवसपाळीला गेलेला, तो यादीतच येत नाही. घरात तेलुगू बोलणाऱ्या आजीला मराठीत विचारून काय हाती लागणार? एकटं गाठून, तिच्या भाषेत, थोडं बसून विचारावं लागतं, आणि त्यासाठी वेळ कुणी देत नाही याचा मला राग येतो.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा. त्याला ० सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाशी त्याच दिवशी बोललंच पाहिजे.

निम्हान्सच्याच सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. तुमच्या घरात कुणाचे गुण जास्त आले असतील तर सिव्हिलला मानसोपचार ओपीडीत दाखवा. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ला, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.