एकटं असताना हार्ट अटॅक आला तर खोकत बसू नका, आधी 108 लावा

तुम्ही विचारलंय की वय 68 आहे, घरात एकटेच असता, आणि ‘अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचतो’ असा मेसेज आलाय, तो खरा आहे का.

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकलेली असते, हृदय मात्र चालू असतं. खोकून ती गुठळी हलत नाही. हृदय बंद पडणं, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट, ही वेगळी गोष्ट. त्यात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कधी? कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेला असताना डॉक्टर कधी रुग्णाला खोकायला सांगतात, त्यावरून हे घराघरात पसरलंय. तुम्ही खोकण्यात जो वेळ घालवाल तोच फोनचा वेळ असतो.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. चार वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी मला अटॅक आला. दुपारी उंधियू खाल्लं होतं, त्यामुळे छातीत जड वाटायला लागलं तेव्हा पित्तच म्हटलं. सोडा घेतला, ओवा चावला, आडवी झाले. मग जबडा दुखायला लागला, अगदी दाढ ठणकावी तसा, आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये. जानेवारीत पदर भिजेल इतका घाम. छातीत कळ अशी आलीच नाही. मला मधुमेह आहे. मधुमेह्यांमध्ये आणि बायकांमध्ये असं पुष्कळदा होतं, हे मला नंतर कळलं. पाऊण तास मी असा घालवला. त्यानंतरही पहिला फोन पुण्याला मुलाला केला. तो ओरडलाच, ‘आई, फोन ठेव, 108 लाव!’

108 वाले लवकर आले, पण दाराला आतून कडी होती आणि मला उठवेना. सगळी गल्ली पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, स्पीकर लावलेले, ‘काई पो छे’च्या आरोळ्या, माझी हाक कोण ऐकणार? शेवटी शेजारच्या भाभींचा मुलगा पतंग सोडून त्यांच्या अगाशीवरून आमच्या अगाशीत उतरला आणि त्यानं आतून कडी काढली. एरवीच्या दिवशी अगाशीवर कोण असतं?

म्हणून क्रम पाठ करा. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं वाटणं, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, धाप, मळमळ, यातलं काही पाच-दहा मिनिटांत उतरत नसेल तर गॅस आहे की हृदय याचा निकाल घरी लावू नका. खूप तीव्र असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. 108 लावा, स्पीकरवर ठेवा, वय सांगा, ‘एकटा आहे, छातीत दुखतंय’ म्हणा, जवळची ठळक खूण सांगा. मग दाराची कडी काढा आणि दाराजवळच भिंतीला टेकून, गुडघे वाकवून बसा. जिना उतरू नका, स्कूटर तर मुळीच काढू नका.

त्यानंतर अ‍ॅस्पिरिन, 300 ते 325 मिलिग्रॅम, चावून. नुसती गिळली तर असर व्हायला जास्त वेळ लागतो. 75 ची असेल तर चार. पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात अल्सर, कुठे रक्तस्राव किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती घेऊ नये, म्हणून हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याची म्हणून घेऊ नका. ती ज्याला लिहून दिली आहे त्यानंच, आणि बसूनच घ्यायची. रक्तदाब एकदम खाली येतो.

दवाखान्यात पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. माझाही पहिला फारसा काही सांगत नव्हता. दुसऱ्यात आणि रक्ताच्या ट्रोपोनिन तपासणीत कळलं. धमनी पूर्ण बंद असेल तर रुग्ण पोहोचल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टीनं ती उघडावी, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. तिथे मिनिटं मोजतात आणि मी पाऊण तास ओवा चावत होते, हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

आता माझी एक किल्ली भाभींकडे असते. रात्री वरची कडी लावत नाही, बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूपच वापरते. फोन उशाशी, चार्ज केलेला. गोळी, चालू औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका डब्यात, दाराशेजारच्या फळीवर. शेजारी कोणाचा नंबर नसेल तर आज संध्याकाळीच एखाद्या घरी जाऊन घ्या, संकोच करू नका. आणि अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी वाट बघते.