साताऱ्याच्या दादांसाठी: एक्स २ मिमी सरकतोय, पण मोटर बदलायची घाई करू नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि फोटो मोठा करून नीट पाहिला. साताऱ्यात किट आणून जोडलेला ६०४० राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी मशीन), १६०५ बॉलस्क्रू (१६ मिमी जाड, एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा), मोटर चालवणारे डीएम ५४२ जातीचे ड्रायव्हर, ८ मायक्रोस्टेप (मोटरच्या एका स्टेपचे आठ भाग), अर्डुइनो बोर्डावर जीआरबीएल (मशीनला हुकूम देणारा प्रोग्राम). ३२० मिमी उंच सागाच्या पाटीची अक्षरांमागची जमीन अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या आडव्या रेघांनी खोदली, आणि शेवटी एक्स (डावा-उजवा अक्ष) २ मिमी डावीकडे. वाय (पुढे-मागे) मात्र जागच्या जागी. विकणारे म्हणतात, ‘स्पीड कमी करा.’ हेच वाक्य मी सांगलीत बसून इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

ग्रब स्क्रू, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा), रेलवरचा भुसा, करंटचे डिप स्विच हे सगळं तुम्ही पाहिलं असणार असं धरतो. शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवा. जॉब संपल्यावर रेघ सलग असेल तर तो विषय संपला. स्क्रूतला प्लेही (ढिलेपणा) नाही हा. प्ले असेल तर चूक जेवढी आहे तेवढीच राहते, साठत जात नाही.

फोटोत डावी कड बघा. ती तिरकी आहे. वर बरोबर, आणि खाली येईपर्यंत हळूहळू २ मिमी सरकलेली. कुठेही पायरी नाही. मोटर ओझ्याने अडकली तर अशी कड येत नाही. १.८ अंशाची स्टेपर (फेऱ्याला २०० स्टेप टाकणारी मोटर) अडकते तेव्हा चार पूर्ण स्टेप किंवा त्याच्या पटीत सुटते, कारण रोटर पुन्हा चुंबकाशी जुळणाऱ्या जागीच बसतो. ५ मिमी लीडच्या स्क्रूवर चार स्टेप म्हणजे ०.१ मिमी. तेवढी पायरी नखाला लागते. तुमच्या कडेवरून नख फिरवून बघा. गुळगुळीत लागली तर मोटर निर्दोष आहे.

माझा संशय दिशेच्या सिग्नलवर आहे. ड्रायव्हरला दिशा आधी कळायला हवी आणि पल्स (एक पाऊल टाकायचा इशारा) नंतर. डीएम ५४२ जातीच्या पत्रकात हे अंतर साधारण ५ मायक्रोसेकंद दिलेलं असतं. जीआरबीएल दिशा बदलतं आणि जवळजवळ त्याच क्षणी पल्स सुरू करतं. ड्रायव्हर पल्सच्या सुरुवातीच्या काठावर पाऊल टाकत असेल, तर पहिलं पाऊल जुन्याच दिशेला पडतं. त्यात आतला ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवणारा भाग) चालू पटकन होतो, बंद व्हायला वेळ घेतो. म्हणून ही चूक एकाच बाजूच्या वळणावर होते आणि परतीच्या वळणावर खोडली जात नाही. प्रत्येक जाण्या-येण्याला दोन मायक्रोस्टेप, म्हणजे ०.००६२५ मिमी. आता तुमची पाटी: ३२० मिमीत अर्ध्या मिमीच्या ६४० रेघा, म्हणजे ३२० वेळा जाणं-येणं. गुणाकार करा, बरोबर २ मिमी येतात. अक्षरांभोवतीची वळणं यात धरलेली नाहीत, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे. पण वाय का सरकला नाही हेही यातून कळतं: तो बहुतेक वेळ एकाच दिशेने पुढे जात होता.

माझ्याही मशीनचा एक्स असाच सरकत होता, तेव्हा कंट्रोलरचा डबा विकणाऱ्यांच्या सर्व्हिस विभागाने मला यातलं काहीच सांगितलं नाही. आधी स्पीड, मग ॲक्सिलरेशन, मग ‘तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल.’ कटिंग चालू असताना पॉवर सप्लायला मल्टीमीटर लावून व्हिडिओ पाठवला, ३६ व्होल्ट जराही हलत नव्हते. मग म्हणाले, मोटरची ताकद कमी पडते, मोठ्या घ्या. मोठ्या घेतल्या, त्यांच्यासाठी कुपवाड एमआयडीसीतून माउंटिंग प्लेट नव्याने करून आणल्या, आणि सरकणं तंतोतंत तेवढंच राहिलं. अर्ध्या स्पीडला तेवढंच, हवेत चालवलं तरी तेवढंच. मी वायरिंगचा नकाशा मागितला, तर ‘तो बाहेर देत नाही.’ डब्यावर स्टिकर: उघडल्यास वॉरंटी रद्द. मोटरच्या पैशांपेक्षा मला तो स्टिकर महागात पडला, कारण दुरुस्ती एका सेटिंगची होती आणि वॉरंटी संपेपर्यंत झाकण उघडता आलं नाही. हाताशी आलेली दारपट्ट्यांची ऑर्डर तेवढ्यात गेली. माझं स्पष्ट मत आहे: वायरिंगचा नकाशा न देणाऱ्याकडून कंट्रोलर घेऊच नये, कितीही स्वस्त असो.

आता चाचणी. स्पिंडल बंद, बिट काढलेला, गॅन्ट्रीला (स्पिंडल धरणाऱ्या कमानीला) सरकणं मोजणारा डायल लावलेला. जी९१ मध्ये (आहे त्या जागेपासून मोजणारा मोड) एक्स १ मिमी पुढे, १ मिमी मागे, एफ ३०० (वेग, मिनिटाला ३०० मिमी), अशा १०० फेऱ्यांची फाइल चालवा. माझा अंदाज खरा असेल तर डायल ०.६ मिमीच्या आसपास सरकलेला दिसेल. तीच फाइल एफ १५० ला चालवा. सरकणं तेवढंच आलं तर स्पीडचा संबंध नाही. मग ३०० मिमीच्या लांब, वेगवान फेऱ्या थोड्याच मारा. तिथे डायल जवळपास जागेवर आला की मोटर निर्दोष ठरली.

उपाय जीआरबीएलच्या $२ या सेटिंगमध्ये आहे, त्यात कोणत्या अक्षाची पल्स उलटवायची ते ठरतं. एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४, तिन्ही उलटवायचे तर ७. आता ० असेल तर ७ करा, आधीच ७ असेल तर ०. पल्स उलटी झाली की ड्रायव्हर तिच्या शेवटच्या काठावर पाऊल टाकतो, आणि $० मधले (पल्सच्या लांबीचे) १० मायक्रोसेकंद दिशेला मिळतात. कोणता ड्रायव्हर कोणत्या काठावर चालतो हे वायरिंगवर आणि बनावटीवर अवलंबून असतं, म्हणून दोन्ही प्रकारे चाचणी घ्या. मी लेथवरचा माणूस आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. वायरला हात लावणार असाल तर आधी मेन बंद करून सप्लाय रिकामा होऊ द्या.

हातासरशी $१ (थांबल्यावर मोटर किती वेळ धरून ठेवायची) पण २५५ करा. नाहीतर मशीन थांबलं की मोटर सैल पडते आणि पुन्हा पकडताना किंचित हलू शकते. मोटर थोड्या जास्त तापतील, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ड्रायव्हरच्या डब्याला पंखा हवाच.

तुमचे विक्रेते ऐकतच नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच, ग्राहक आयोगाकडे जाता येतं, विक्रेता कुठलाही असो. मी वकील नाही, जाण्याआधी विचारून घ्या. आणि जीआरबीएल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यातलं आहे. त्यात बदल करून विकलं असेल तर सोर्स मागायचा तुम्हाला हक्क आहे.

चाचणी झाली की डायलचे तिन्ही आकडे आणि $२ चा आधीचा आकडा इथे टाका. आकडा ०.१ च्या पटीत उड्या मारत असेल तर माझं निदान चुकलं. मग $१२० (एक्सचं ॲक्सिलरेशन) आणि पॉवर सप्लायकडे बघू.