नाकातून गळणारं पाणी सर्दीचं की मेंदूचं? : तुमचे प्रश्न, लॅबमधून उत्तरं

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्या आईच्या उजव्या नाकपुडीतून गेले दोनेक महिने पाणी गळतंय. एकदम नितळ, खाली वाकली की टपटप पडतं, डावी नाकपुडी मात्र कोरडी. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, स्प्रे झाला, काडीचा फरक नाही. आता एका डॉक्टरांनी त्या पाण्यात शुगरची पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बदलला तर म्हणाले हे मेंदूचं पाणी आहे. दुसरे म्हणाले पट्टीवर विसंबू नका, बीटा टू ट्रान्सफेरिन टेस्ट करा. आईला डायबेटिस आहे. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका, आणि टेस्ट लवकर करून घ्या. एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखं पातळ, वाकल्यावर वाढणारं आणि सर्दीच्या औषधांना न जुमानणारं गळणं, हे सगळं एकत्र दिसलं की मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ, गळतंय का हे बघायलाच पाहिजे. काही पेशंट सांगतात की घशात खारट चव येते, तेही आईला विचारून बघा.

हे पाणी शरीरात रोज साधारण ५०० मिली तयार होतं आणि एका वेळी असतं फक्त १५० मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते पूर्ण बदललं जातं. त्यामुळे भोक बारीक असलं तरी गळणं महिनोन्‌महिने चालू राहू शकतं आणि माणूस वरून ठणठणीत दिसतो. डोक्याला मार लागला, सायनसचं किंवा पिट्युटरीचं, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीचं, ऑपरेशन झालं, की नाकाच्या छताला अशी फट पडू शकते. पण काहींना काहीही न होता पडते, विशेषतः वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन बायकांमध्ये, कारण त्यांच्या डोक्यातल्या पाण्याचं प्रेशर बरेचदा वाढलेलं असतं. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने नाकातले जंतू आत जातात आणि मेंदूज्वर होतो, म्हणून मी घाई करा म्हणतेय.

आता पट्टीबद्दल. सीएसएफमध्ये साखर असते, रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के, आणि नाकाच्या शेंबडात ती जवळजवळ नसते, त्यावरून ही युक्ती निघाली. पण अश्रू नाकातच उतरतात आणि अश्रूंमध्ये साखर असते, रक्ताचा थेंब मिसळला तरी पट्टी रंग बदलते, आणि डायबेटिसवाल्यांची रक्तातली साखर वाढली की नाकाच्या स्रावातही ती उतरते. म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत ती पट्टी काहीच सिद्ध करत नाही. उलट बाजूने, मेंदूज्वर झालेला असेल तर सीएसएफमधलीच साखर खाली जाते, मग गळती असूनही पट्टी कोरी येऊ शकते, म्हणजे जिथे धोका सगळ्यात जास्त तिथेच ती दगा देते. ही पट्टी निर्णयासाठी वापरणं आता बंद व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. तेच गाळणकागदावरच्या गोल रिंगणाचं, रक्ताच्या डागाभोवती फिकट कडं दिसलं की सीएसएफ म्हणतात, पण रक्तात लाळ, अश्रू किंवा साधं पाणी मिसळलं तरी तसंच कडं उमटतं.

ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारं प्रोटीन आहे, रक्तात असतं, शेंबडात असतं, सगळीकडे असतं. त्याला साखरेच्या शेपट्या असतात आणि शेपटीच्या टोकाला सायलिक अ‍ॅसिड. मेंदूत एक एन्झाइम आहे, न्यूरामिनिडेज, ते ही टोकं छाटतं, आणि जे बोडकं ट्रान्सफेरिन उरतं ते म्हणजे बीटा टू. लॅबमध्ये आम्ही जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, सॅम्पलचा थेंब ठेवून करंट सोडतो, टोकं गेली की प्रोटीनचा निगेटिव्ह चार्ज कमी होतो म्हणून ते मागे रेंगाळतं, मग वरून ट्रान्सफेरिनची अँटीबॉडी लावून रंग दिला की शेजारी ठेवलेल्या रक्ताच्या लेनमध्ये, म्हणजे रांगेत, एकच पट्टा दिसतो आणि सीएसएफ असेल तर दोन, दुसरा थोडा मागे, फिकट पण स्वच्छ. फिनलंडमधल्या म्युर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली आणि आजही गळती ओळखायला मुख्य भरवसा हिच्यावरच आहे, कारण नीट घेतलेल्या सॅम्पलवर ती ९० टक्क्यांहून जास्त गळत्या पकडते आणि खोटं पॉझिटिव्ह क्वचितच देते.

प्रश्न : माझं पाणी दिवसातून चार-सहा थेंबच पडतं, आणि डॉक्टरांकडे गेलं की नेमकं थांबतं. घरी गोळा करून दिलं तर चालेल का? कापसावर घेऊ का?

उत्तर : घरी घेतलेलं चालतं, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये तेच बरं. कापूस मात्र नको. कापूस पाणी पिऊन टाकतो आणि बाहेर काढायला आम्हाला त्यात सलाइन घालावं लागतं, मग आधीच थोडं असलेलं प्रोटीन आणखी पातळ होतं आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो. टिश्यू पेपरचंही तेच. लॅबमधून रिकामी साधी ट्यूब मागून आणा, जिच्यात कुठलंही औषध किंवा केमिकल नाही अशी.

सकाळी उठल्याउठल्या प्रयत्न करा. रात्रभर आडवं झोपल्यामुळे पाणी सायनसमध्ये साचलेलं असतं, त्यामुळे खुर्चीवर बसून हनुवटी छातीला टेकवून डोकं गुडघ्यांकडे वाकवलं की बरेचदा एकदम येतं. दोन-चार मिनिटं तसंच थांबा, ट्यूबचं तोंड नाकपुडीला लावून. नाक शिंकरू नका, जोर लावू नका, गरगरलं तर लगेच उठून बसा. अर्धा मिली मिळालं, म्हणजे साधारण दहा थेंब, तर उत्तमच, पण बऱ्याच लॅब त्याहून कमीवरही टेस्ट करतात, म्हणून थोडं आलं म्हणून फेकून देऊ नका. आज चार थेंब आणि उद्या चार असं त्याच ट्यूबमध्ये जमवलं तरी चालतं, मधल्या वेळात ट्यूब घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर उन्हात पडून राहिली तर जंतू वाढतात आणि काही जंतूंकडेही सायलिक अ‍ॅसिड छाटणारं तेच एन्झाइम असतं, म्हणजे खोटं पॉझिटिव्ह येण्याची सोय. ट्यूबवर नाव, तारीख, वेळ आणि उजवी की डावी नाकपुडी हे लिहा. ही एक ओळ पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या फार कामाला येते आणि दहातले बरेच जण ती लिहीतच नाहीत.

सोबत हातातून थोडं रक्तही घेतील, त्याला नाही म्हणू नका. जास्त दारू पिणाऱ्यांच्या, लिव्हर खराब असणाऱ्यांच्या आणि जन्मतः काही वेगळी जनुकं असणाऱ्यांच्या रक्तातच असं बोडकं ट्रान्सफेरिन असू शकतं. रक्ताची लेन शेजारी असली तरच तो दुसरा पट्टा खरंच मेंदूकडून आला का हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येतं.

प्रश्न : रिपोर्ट निगेटिव्ह आला, सगळे म्हणतात आता विषय संपला. पण पाणी अजून येतंय.

उत्तर : संपला नाही. गळती कधी चालू कधी बंद असते, आणि ज्या दिवशी तुम्ही सॅम्पल दिलं त्या दिवशी ट्यूबमध्ये नुसता सर्दीचा स्राव गेला असू शकतो. सॅम्पल कसं घेतलं होतं ते आठवा, कापसावर घेतलं असेल तर तो रिपोर्ट मी तरी धरणार नाही. खरंच टपटप होत असेल तेव्हा परत द्या. पुन्हा निगेटिव्ह आलं आणि लक्षणं तशीच असतील तर कान-नाक-घसा डॉक्टर कवटीच्या तळाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि एमआरआय करून फट शोधतात. तोवर जोरात नाक शिंकरणं, जड उचलणं, कुंथणं टाळा, न्युमोकोकसच्या, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूच्या, लशीबद्दल विचारा, आणि ताप, मान आखडणं, प्रचंड डोकेदुखी, उजेड सहन न होणं यातलं काहीही झालं तर सरळ इमर्जन्सीत जा, कुठल्याही रिपोर्टची वाट बघत बसू नका.

प्रश्न : बाबा डायलिसिसवर आहेत, लॅबने बीटा ट्रेस नावाची टेस्ट सुचवली, लवकर होते म्हणाले. करू?

उत्तर : बीटा ट्रेस हे सीएसएफमध्ये भरपूर असणारं दुसरं एक प्रोटीन, आणि त्याची टेस्ट खरंच चांगली आहे, मशीनवर थोड्या वेळात होते, अगदी कमी पाण्यात होते, आणि बऱ्याच ठिकाणी मी स्वतः तिलाच आधी हात घालीन. पण हे प्रोटीन किडनीवाटे बाहेर जातं, किडनी निकामी असली की रक्तातच वाढतं, मग नाकाच्या स्रावातही वाढलेलं दिसतं आणि आकड्यावर भरवसा उरत नाही. मेंदूज्वर असताना उलट होतं, ते कमी होतं. तुमच्या बाबांसाठी बीटा टू ट्रान्सफेरिनच मागा, दोन दिवस जास्त लागले तरी लागू देत.

प्रश्न : सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, त्यानंतर बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि झोपलं की थांबतं. मला पण ही टेस्ट करावी लागेल का?

उत्तर : नाही. हेच सीएसएफ पाठीच्या कण्यातही असतं, आणि तुमचं ते सुईच्या भोकातून पाठीच्या आतच झिरपतंय, बाहेर काही येत नाही, त्यामुळे ट्यूबमध्ये घ्यायला सॅम्पलच नाही. बसल्यावर दुखणं आणि झोपल्यावर थांबणं यावरूनच डॉक्टर ओळखतात. बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप भरून येतं. दुखणं असह्य असेल, बाळाला पाजायलाही बसवत नसेल, तर मुकाट्याने सहन करू नका, भूल दिलेल्या डॉक्टरांना फोन करा. तुमचंच साधारण १५ ते २० मिली रक्त काढून पाठीत त्या जागेजवळ सोडतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात, आणि बऱ्याच बायकांना काही तासांतच उठून बसता येतं.