रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून समुद्रात सरळ पश्चिमेला गेलं तर कोणता देश लागेल?

ओमान. भाट्याच्या पुळणीवर उभं राहून बरेच जण बेधडक "आफ्रिका" सांगतात, पण आधी अरबस्तान आडवं येतं. रत्नागिरी आणि ओमानमधलं सलाला, दोन्ही साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. मधे सुमारे २००० किलोमीटर नुसतं पाणी.

गंमत पुढेच आहे. ओमान म्हणजे वाळवंट, असं आपण धरून चालतो. पण सलालाला नारळ आणि केळीच्या बागा आहेत, शहाळी रस्त्याकडेला विकतात. आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर तिथले डोंगर धुक्यात हिरवेगार होतात. त्याला ते खरीफ म्हणतात! पाऊस मात्र भुरभुर. आपल्यासारखा कौलं फोडणारा नव्हे. घड्याळ दीड तास मागे.