एकदा पडली की पडतच राहते

प्रश्न : काका, दिवाळीत एक जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घेतली. पुढे एकच चेनव्हील, ३२ दात्यांचं. मागे १० गिअर. यवतेश्वरहून डांबरी सोडून पायवाटेने उतरलो की दगडांत चेन पडते. आणि एकदा पडली की त्या दिवशी आणखी दोन-तीनदा पडतेच. एका दुकानात म्हणाले, चेन तोकडी करा. दुसरीकडे म्हणाले, चेन गाईड, म्हणजे चेनव्हीलवर चेन धरून ठेवणारी अडण, बसवा. कोणाचं ऐकू? (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. 'एकदा पडली की पडतेच' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. निम्मं उत्तर त्यातच आहे.

सायकल भिंतीला टेकवा आणि चेनव्हीलचे दाते वरून बघा. बाजूने बघून कळणार नाही. एक दाता जाड, एक बारीक, पुन्हा जाड असं दिसतं का? २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्सवन हा गिअरचा संच आणला, तेव्हापासून एका चेनव्हीलच्या सायकलींत ही तऱ्हा रुळली. चेनमध्येही एक कडी बाहेरच्या पट्ट्यांची, म्हणजे रुंद, आणि पुढची आतल्या पट्ट्यांची, अरुंद. जाड दाता रुंद कडीत गच्च बसतो, म्हणून चेन डुलली तरी जागा सोडत नाही. या चेनव्हीलला दाते नेहमी ३०, ३२, ३४ असे सम असतात, तेही याचसाठी.

आता रानात काय होतं? चेन पडते, हात काळे होतात, बरोबरची मंडळी पुढं निघून गेलेली असतात. आपण चेन कशीबशी दात्यांवर टाकतो, पॅडल फिरवतो आणि सुटतो. ती बसते एक दाता चुकून. जाड दाता अरुंद कडीत शिरत नाही, चेन त्याच्या डोक्यावरच चढून राहते. पुढचा दगड आला की पुन्हा खाली. तेव्हा पुढच्या वेळी दोन श्वास थांबा. एक जाड दाता शोधा, त्यावर रुंद कडी बोटाने दाबून बसवा, पुढचे तीन-चार दाते जुळलेत का बघा आणि मगच पॅडल फिरवा.

सगळे दाते सारखेच असतील, आतल्या अंगाला बारक्या पिना असतील, तर ते चेनव्हील जुन्या दोन-तीन चेनव्हीलांच्या संचातलं आहे. चेन सहज सुटावी म्हणूनच ते तसं घडवलेलं असतं. त्याला बोल लावू नका, बदला.

पण मुळात पहिल्यांदा पडते का? माझा संशय क्लचवर. डिरेलर म्हणजे मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आणि त्याचा पिंजरा म्हणजे चेन ज्यातून जाते ती खाली लोंबणारी दांडी. डिरेलरमध्ये क्लच, म्हणजे पिंजऱ्याची हालचाल जड करणारी कळ, असेल तर दगडावर आपटताना पिंजरा पुढं झेपावत नाही, चेन ढिली पडत नाही. शिमानो कंपनीच्या क्लचवाल्या डिरेलरला तो बंद-चालू करायची खुंटी असते, चाक काढताना सोय म्हणून. गेल्या श्रावणात कासच्या रस्त्यावर भुरभुर पावसात मी पंक्चर काढलं, खुंटी बंद केली, चाक बसवलं आणि खुंटी विसरलो. यवतेश्वर येईपर्यंत तीनदा चेन पडली, फ्रेमवर बोटभर ओरखडा उठला. दुकानात रोज पोरांना हेच शिकवतो मी. पोरं दोन दिवस हसत होती. खुंटी चालू करून पिंजरा हाताने पुढं ढकला. चांगला जड लागला पाहिजे. हलका लागला तर क्लच आवळायला हवा. अन् डिरेलरला क्लचच नसेल, तर आधी खर्च तिथं करा.

चेन तोकडी करायचा सल्ला मला घाईचा वाटतो. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून फिरवा. जिथं टोकं भेटतात त्याच्यापुढं दोन कड्या जास्त, एक आतली नि एक बाहेरची. तेवढी लांबी हवीच. त्याहून तोकडी केली तर चढावर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकताना डिरेलर मोडून हातात येईल.

झीजही बघा. कासची लाल माती पावसाळ्यात चेनला सहाणेसारखी घासते. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणत नाही, पिना झिजतात. इंचांची पोलादी पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. १२ इंचांवर बरोबर पिनचाच मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढं सरकला असेल तर ११-१२ गिअरवाल्यांनी चेन बदलावी. तुमच्या १० गिअरला थोडी सवलत आहे, पण १/८ होऊ देऊ नका.

एवढं करूनही पडली तर गाईड खुशाल बसवा, फक्त वरचा. तो चेनला घासता कामा नये, एक-दोन मिलिमीटर फट ठेवा.

प्रश्न : माझी चेन पुढे नाही, मागे मोठ्या चक्राच्या आत, तारांमध्ये पडते. (कराड)

उत्तर : सायकल पडली होती का? मागून बघा. पिंजरा चक्रांना समांतर नसेल तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय, तो आधी सरळ करून घ्या. मग डिरेलरवरचा एल खुणेचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा, चेन मोठ्या चक्रापलीकडे जायची थांबेपर्यंत. तोवर चढावर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकू नका. तारा तुटल्या तर चालत यावं लागेल.