शंभरपर्यंत पाठ आहे, पण पाच चिंचोके देता येत नाहीत

"मॅडम, याला शंभरपर्यंत आकडे पाठ आहेत. पण पाच पेन्सिली आण म्हटलं की मूठभर उचलून आणतो. याला गणित जमणारच नाही का?" साडेचार वर्षांच्या सोनूची (नाव बदललं आहे) आई बोलता बोलता रडवेली झाली. शाळेतून रोज पानभर आकडे गिरवायला येत आणि वही दिसली की सोनू पलंगाखाली जाऊन बसायचा.

मी सतरंजीवर सात चिंचोके मांडले. "मोज बरं." तोंड भराभर पुढे गेलं, बोट मागे राहिलं, सातांचे नऊ झाले. "मग किती आहेत?" विचारल्यावर त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला हाच दोष वाटला होता. मी म्हटलं, "ताई, आकडे म्हणणं हे बडबडगीत म्हणण्यासारखं आहे. मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा आणि शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळ्या मिळून तेवढ्या, हे त्याला अजून उमजायचंय. या वयात असं पुष्कळ मुलांचं असतं. गणिताची अक्षमता आहे असं आत्ता कुणीच ठरवू शकत नाही."

साडेचार वर्षांच्या हाताला रोज पानभर गिरवायला लावणं मला मुळीच मान्य नाही. बाईंशी बोलून ते थांबवा, असं मी स्पष्ट सांगितलं.

"मग एखादा महागडा संच आणू का?" काही आणू नका म्हटलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघही तिथे आल्या. परदेशी साधनं परवडणारी नव्हती. खडे, शिंपले, बिया, पानं यांवर तिथली मुलं शिकली.

सोनूच्या घरी माणसं चार. रोज रात्री ताटं त्याने मांडायची, प्रत्येक ताटात एक वाटी, एक चमचा. पोळ्या वाढताना आजीने विचारायचं, "बाबांना दोन झाल्या, अजून एक दिली तर?" आणि जेवणानंतर चल्लस-आठ, म्हणजे आखलेल्या घरांवरून सोंगट्या चालवायचा खेळ. अर्धे केलेले चार चिंचोके टाकायचे. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. पडलेलं दान मोजायचं आणि तेवढीच घरं सोंगटी चालवायची. एका घराला एक आकडा, याचा इतका चांगला सराव मला कुठल्याही वहीत दिसलेला नाही. एकच अट घातली: सोनू चुकला तर "चूक" म्हणायचं नाही, आजीने आपल्या पाळीला प्रत्येक घरावर बोट टेकवत सावकाश मोजायचं.

पहिले पंधरा दिवस आईचे दोन फोन आले, "अजून घर गाळतोच." गाळू दे म्हटलं.

दोन महिन्यांनी तिसरा फोन आला. आत्या अचानक जेवायला आली होती. सोनू ताटं मांडून उभा राहिला, माणसांकडे बोट करत गेला आणि स्वयंपाकघरात ओरडला, "आई, पाच झाले! एक ताट कमी आहे."