वाचकांचे प्रश्न : स्मोकी पर्वतातील जुनी शेतघरे

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. डोंगरात प्रथम वस्ती करणाऱ्यांची जतन केलेली घरे पाहण्याची इच्छा आहे. परंतु हाताशी एकच दिवस आहे आणि सोबत असलेल्या आईला फार चालवत नाही. केड्स कोव्हला जावे की ओकोनालुफ्टीला?

उत्तर : आपल्या परिस्थितीत ओकोनालुफ्टी निवडावे. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला, चेरोकी गावाच्या वेशीवर, अभ्यागत केंद्राला लागूनच डोंगरी शेताचे खुले संग्रहालय आहे, आणि घर, गोठा, मक्याची कणगी, सफरचंदे साठवण्याची खोली, झऱ्यावरचे थंड कोठार व लोहारशाळा हे सारे सपाट जमिनीवर थोड्या अंतरात पाहता येते. शेजारच्या कुरणात सकाळ-संध्याकाळ एल्क हरणे चरायला येतात. त्यांच्यापासून किमान १५० फूट दूर राहण्याचा नियम आहे.

केड्स कोव्ह टेनेसीच्या बाजूला आहे. तेथील एकेरी वाहतुकीचा रस्ता ११ मैलांचा असून ऑक्टोबरात, झाडांचे रंग पाहायला गर्दी लोटली की, त्यावर गाड्या अक्षरशः सरपटतात. शिवाय बहुतेक घरे रस्त्यापासून आत आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी उतरून चालणे आले. तरीही कधी उन्हाळ्यात जाणे झाले, तर तेथे बुधवारी मोटारींना बंदी असते आणि रस्ता पायी व सायकलने फिरणाऱ्यांसाठी मोकळा राहतो, हे ध्यानात ठेवावे.

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. मात्र मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा अधिक काळ गाडी उभी करायची असल्यास दिवसाला ५ किंवा आठवड्याला १५ डॉलरचे पार्किंग टॅग घ्यावे लागते.

प्रश्न : ही घरे मुळात जशी होती तशीच आहेत काय, की पर्यटकांसाठी नव्याने उभारलेली आहेत?

उत्तर : घरे बहुतांशी खरी आहेत, मांडणी मात्र उद्यानाची आहे, आणि हा फरक मनात ठेवून पाहिले तरच तेथे जाण्याचे सार्थक होते.

ओकोनालुफ्टीच्या शेतावर अशा मांडणीत एकही कुटुंब कधी राहिलेले नाही, कारण तेथील बहुतेक इमारती उद्यानातील वेगवेगळ्या ठिकाणांहून १९५०च्या दशकात आणून बसवलेल्या आहेत. त्यातले डेव्हिस घर मात्र सावकाश पाहावे. ते चेस्टनटच्या लाकडाचे आहे. जॉन डेव्हिस यांनी ओंडके मधोमध चिरून त्यांचे दोन अर्ध समोरासमोरच्या भिंतींत बसवले, त्यामुळे एका भिंतीतील लाकडाची जोडी दुसऱ्या भिंतीत सापडते. धुराड्याचे दगड त्यांच्या आठ आणि चार वर्षांच्या मुलांनी बैलांच्या ओढगाडीवर वाहून आणले, असे सांगतात. आज असे घर बांधायचे म्हटले तर लाकूडच मिळणार नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने पुढच्या काही दशकांत अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली आणि या डोंगरांतील सर्वांत उपयोगी वृक्ष जवळजवळ नाहीसा झाला.

केड्स कोव्हमधील गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १८२०च्या दशकातील जॉन ऑलिव्हर यांचे घर तेथे आहे. कोपऱ्यांतल्या खाचा ओंडक्यांच्या वजनानेच घट्ट बसतात, खिळ्यांची गरज पडत नाही, आणि फटी चिखलाने लिंपलेल्या आहेत. परंतु १९३४ मध्ये उद्यान स्थापन झाले तेव्हा या खोऱ्यात फळ्यांची, रंग दिलेली, त्या काळाच्या मानाने आधुनिक अशी घरेही बरीच होती. उद्यानाने त्यांतील बहुतेक पाडली आणि ओंडक्यांची जुनी घरे राखली. परिणामी शंभराहून अधिक वर्षे बदलत गेलेले गाव आज पाहणाऱ्याला जणू पहिल्याच पिढीत थांबल्यासारखे दिसते. माझ्या मते हे जतन जितके आहे तितकीच काटछाटही आहे. टिप्टन कुटुंबाच्या जागेवरील, वरचा मजला दोन्ही बाजूंना पुढे काढलेला प्रसिद्ध गोठा तर मूळच्या गोठ्याची प्रतिकृती आहे.

रहिवासी आपखुशीने निघून गेले, असेही नाही. राज्य सरकारांनी जमिनी विकत घेतल्या, न विकणाऱ्यांच्या सक्तीने संपादित केल्या. जॉन ऑलिव्हर यांच्या पणतूने तर न्यायालयात दीर्घ लढा दिला. काहींना हयातभर राहण्याची मुभा मिळाली. उद्यानातल्याच लिटल ग्रीनब्रायर भागातील वॉकर भगिनी अशाच राहिल्या, आणि त्यांतील शेवटची बहीण १९६४ मध्ये वारली.

केड्स कोव्हमधील घरे आतून रिकामी आहेत. सामानसुमान पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. भिंतींवर कोरलेली नावे मात्र भरपूर दिसतील. ती वसाहतकऱ्यांची नव्हेत, पर्यटकांची आहेत.

प्रश्न : या लोकांना १८६२च्या होमस्टेड कायद्याने फुकट जमीन मिळाली होती काय?

उत्तर : नाही. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देणारा तो कायदा केंद्र सरकारच्या ताब्यातील जमिनींपुरता होता. टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना त्यात येत नव्हते. शिवाय येथील वस्ती त्याहून चाळीसेक वर्षे जुनी आहे. ऑलिव्हर दांपत्य केड्स कोव्हमध्ये आले ते १८१८च्या सुमारास, म्हणजे येथील मूळ रहिवासी असलेल्या चेरोकी लोकांनी १८१९च्या कॅल्हूनच्या तहान्वये या भागावरील हक्क सोडण्यापूर्वीच. आणि त्यांचा पहिला हिवाळा चेरोकींनी दिलेल्या सुकवलेल्या भोपळ्यावर निभावला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १८३८ मध्ये बहुसंख्य चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. जे मागे राहिले त्यांचे वंशज आजही चेरोकी गावात आहेत आणि तेथे त्यांचे स्वतःचे संग्रहालय आहे. ओकोनालुफ्टीपासून ते मोटारीने काही मिनिटांवर आहे. सकाळी शेतघर पाहून दुपार त्यासाठी राखून ठेवावी.